आधी मीठ वाढू द्या

आई-बाबांनो,

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शिकवते. पालकसभेत हल्ली ओपन सोर्सचा विषय निघतोच, आणि तो दोन टोकांनी निघतो. एक बाबा तक्रार करतात, “सत्र परीक्षा तोंडावर आली आणि हा पठ्ठ्या रात्री बारापर्यंत कुठल्या परक्या लोकांचं काम फुकटात करत बसतो.” शेजारच्या खुर्चीतल्या आईंना नेमकी उलटी घाई असते, “गूगलच्या त्या उन्हाळी कार्यक्रमात हिची निवड व्हायलाच हवी, कुठला क्लास लावू?” मला आज तुम्हा दोघांशीही बोलायचं आहे. काळजी दोघांचीही खरी आहे. पण दोघांच्याही हिशेबातून एक गोष्ट सुटते : मूल तिथं नेमकं करतं काय?

आधी हे प्रकरण घरातल्याच वस्तूंवरून पाहू. लग्नाचं शूटिंग असो की कुणी पेन ड्राइव्हवर दिलेला सिनेमा, कुठलीही फाइल बिनतक्रार चालवणारा तो नारिंगी शंकूवाला व्हीएलसी प्लेअर तुमच्याकडे असेलच. त्याचं मूळ १९९६मधल्या एका विद्यार्थी प्रकल्पात आहे. पॅरिसच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी संस्थेतल्या मुलांनी तो सुरू केला आणि २००१मध्ये तो मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला झाला. तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल, तर त्याच्या मुळाशी लिनक्स हे सॉफ्टवेअर आहे. ते १९९१मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं छंद म्हणून लिहायला घेतलं, आणि जगभरच्या अनोळखी माणसांनी त्यात भर घालत नेली.

ओपन सोर्स म्हणजे नुसतं फुकट नव्हे. सॉफ्टवेअर ज्या ओळींनी बनतं, त्या ओळी इथं उघड्या असतात. त्या कुणीही वाचाव्यात, बदलाव्यात, पुढं वाटाव्यात अशी परवानगी परवान्यातच लिहिलेली असते. काही परवाने म्हणतात, बदल करून वाटलंत तर तुमच्या ओळीही उघड्या ठेवा. काही म्हणतात, मूळ लेखकाचं नाव राहू द्या, बाकी तुमची मर्जी.

आणि ‘फुकटात’ हेही अर्धसत्यच. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्या पुष्कळ जणांना त्यांच्या कंपन्या त्याच कामाचा पगार देतात. मुंबईतल्या फ्रॅपे या कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचे हिशेब आणि व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर उघडं आहे, आणि त्यावर कंपनीही चालते. मुंबईच्याच एक टाइप या अक्षररचनाकारांच्या चमूचे मुक्त, बालू हे देवनागरी फाँट मुक्त परवान्याखाली आहेत. तुम्ही ते कुठल्या तरी संकेतस्थळावर किंवा पोस्टरवर नक्की वाचले असतील. त्याच वेळी, ज्यांच्यावाचून जगाचं अडेल असे कितीतरी छोटे प्रकल्प एखाददुसरा माणूस नोकरी सांभाळून, रात्री जागून चालवतो. तुमचं मूल या सगळ्या गोतावळ्यात पाऊल टाकतं आहे. तिथं पगारी माणसंही आहेत, हौशीही आहेत आणि थकलेलीही आहेत.

आता हे पाऊल प्रत्यक्षात कसं पडतं ते जवळून पाहा. आमच्या दुसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी प्रोजेक्टसाठी आलेख काढायचं एक ओपन सोर्स साधन लॅपटॉपवर घालत होती. सूचनापानावरची आज्ञा तिनं जशीच्या तशी टाकली, तरी संगणक म्हणे फोल्डर सापडत नाही. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तेच व्यवस्थित चाललं. डोकं खाजवल्यावर फरक लक्षात आला. हिच्या विंडोज खात्याला तिचं नाव-आडनाव होतं आणि मध्ये मोकळी जागा. संगणकानं फोल्डरचा पत्ता त्या मोकळ्या जागेपाशीच संपला असं धरलं होतं. पत्त्याच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिली आणि काम झालं.

बहुतेक मुलं इथं थांबतात. आपलं भागलं ना! ही थांबली नाही. प्रकल्पाच्या तक्रारवहीत, ज्याला ही मुलं ‘इश्यू’ म्हणतात, तिनं आधी शोधलं की हेच आणखी कुणी लिहिलंय का. कुणी लिहिलेलं नव्हतं. मग तिनं नवा इश्यू लिहिला : मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, माझ्याकडे विंडोजची आवृत्ती कोणती. सगळं मिळून सात-आठ ओळींचं साधं इंग्रजी. आठवडाभर कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग युरोपातल्या एका मेंटेनरचं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या माणसाचं, उत्तर आलं, बरोबर आहे, दुरुस्ती तूच पाठवतेस का?

तिनं प्रकल्पाची स्वतःपुरती प्रत काढली, त्यात बदल केला आणि ‘हा बदल मुळात घ्या’ अशी विनंती पाठवली. मुलं ज्याला ‘पीआर टाकला’ म्हणतात, तो हाच. तिला वाटलं, झालं. पण तपासणाऱ्यानं तीन गोष्टी सांगितल्या. तीच आज्ञा आणखी एका पानावर आहे, तिथंही बदल हवा. बदलाच्या नोंदीत नुसतं ‘दुरुस्ती’ लिहू नकोस, काय आणि का ते लिही. आणि एका ओळीच्या शेवटी जास्तीची मोकळी जागा राहिली आहे, त्यामुळे आपोआप होणारी तपासणी नापास दाखवते आहे. तिनं ते सगळं निस्तरलं. मग पीआर मर्ज झाला, म्हणजे मूळ प्रकल्पात सामावला गेला.

बदल केवढा? चार अवतरणचिन्हं. तिचे बाबा मला म्हणाले, “मॅडम, एवढ्यासाठी एवढे दिवस?”

हो, एवढ्यासाठीच. लग्नाच्या पंगतीत नवख्या पोराच्या हाती आपण आधी मिठाची वाटी देतो. तो कुणाच्या पानात किती वाढतो, पंगतीचा वेग सांभाळतो का, हे पाहूनच पुढं त्याच्याकडे वरणाचं पातेलं जातं. ओपन सोर्समध्येही तसंच आहे. त्या चार चिन्हांच्या निमित्तानं ती मुलगी आणि तो प्रकल्प यांची एकमेकांशी ओळख झाली. नोंदी कशा लिहायच्या, तपासण्या कशा चालतात, कुणाला काय विचारायचं, हे तिला कळलं. पुढच्या वेळी खऱ्या आज्ञावलीत हात घालताना वाट तिच्या पायाखालची होती.

आमच्या अभ्यासक्रमात जे बसत नाही, तेही तिच्या पदरात पडलं. महाविद्यालयात मुलं कोऱ्या फाइलपासून सुरुवात करतात आणि तोंडी परीक्षा संपली की ती फाइल मरते. नोकरीत मात्र पहिल्या दिवसापासून दुसऱ्यानं लिहिलेल्या हजारो ओळी वाचाव्या लागतात आणि त्यांना धक्का न लावता आपला बदल बसवावा लागतो. हा सराव ओपन सोर्समध्ये मिळतो. आपलं म्हणणं आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाला कळेल असं लिहून मांडायचा सरावही तिथंच होतो.

याहून मोठी गोष्ट चुका दाखवून घेण्याची. आपल्या घरात, शाळेत चूक दाखवली की सूर चढतो, आणि मुलाला वाटतं बोट आपल्याकडेच आहे. तिथं बोट कामाकडे असतं. “ही पद्धत नको, कारण असं” एवढंच येतं. मुलगा कुठल्या गावचा, टक्के किती, कॉलेज कोणतं, हे कुणी विचारत नाही. कधी कोरडं उत्तर येतं, कधी काहीच येत नाही, कधी आठ दिवस खपून केलेला पीआर सरळ बंद केला जातो. अशा संध्याकाळी मूल जेवताना गप्प असेल. तेव्हा “सांगितलं होतं ना, सोड ते!” म्हणू नका. “त्यांना काय कळतंय!” हेही नको. विचारा, “त्यांनी कारण काय दिलं?” कारण तुम्हाला समजलं नाही तरी चालेल. तुम्हाला सांगता सांगता ते त्याला समजेल.

काही पालकांची अडचण वेगळी असते. मूल मराठी माध्यमातलं, इंग्रजी बेताचं, प्रोग्रॅमिंग अजून कच्चं. त्यांना सांगते, दारं आणखीही आहेत. फायरफॉक्स, वर्डप्रेस यांचे मराठी अनुवाद स्वयंसेवकच करतात. विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्याची मराठी बटणं आणि सूचना ट्रान्सलेटविकी या ठिकाणी स्वयंसेवक लिहितात. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात आपल्या गावची शाळा, दवाखाना, बसथांबा, पाणंद रस्ता घालता येतो, आणि ते काम आपल्या गावच्या मुलापेक्षा चांगलं कोण करणार? कुणाचा हात चित्रकलेत चांगला असतो, कुणी सूचनापान सोप्या शब्दांत लिहू शकतं, कुणी नवी आवृत्ती चालवून तिच्यातले दोष शोधू शकतं. हे सगळं योगदानच आहे, दुय्यम नव्हे. मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन यांवरचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. तिथलाच फॉसी हा प्रकल्प विद्यार्थ्यांना मुक्त सॉफ्टवेअरवरची नेमकी, आटोपशीर कामं देतो. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहून काढणं हे त्यातलंच एक. बिचकणाऱ्या मुलासाठी ही सुरुवात उत्तम.

प्रकल्प निवडताना एकच कसोटी पुरते : मूल ते सॉफ्टवेअर स्वतः वापरतं का? जो वापरतो त्यालाच खडा लागतो. नाव मोठं म्हणून निवडलेल्या प्रकल्पात मुलं दोन दिवस भटकतात आणि परततात. प्रकल्प जिवंत आहे का, म्हणजे गेल्या महिन्याभरात कुणाचे बदल स्वीकारले गेलेत का, हेही पाहायला सांगा. नवख्यांसाठी राखलेल्या कामांवर पुष्कळ ठिकाणी ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी चिठ्ठी असते. आणि योगदान कसं करायचं याचं पान असतं, ते शेवटपर्यंत वाचणं हा पहिला शिष्टाचार.

आता दुसऱ्या टोकाकडे वळते, घाई असलेल्या आईंकडे.

हॅक्टोबरफेस्ट नावाचा एक उपक्रम दर ऑक्टोबरात होतो. २०२०मध्ये त्यात चार पीआर टाकणाऱ्यांना टी-शर्ट मिळणार होता. झालं! जगभरच्या प्रकल्पांत बिनकामाच्या बदलांचा पूर आला. कुणी परिचयपानावर ‘छान प्रकल्प’ एवढंच लिहिलं, कुणी नुसती मोकळी जागा टाकली. आपल्याकडच्या मुलांचा त्यात मोठा वाटा होता, कारण असं करून दाखवणारा एक व्हिडिओ इथं खूप पाहिला गेला होता. फुकट काम करणाऱ्या मेंटेनरांचे दिवस हा केर काढण्यात गेले. शेवटी आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला : ज्या प्रकल्पांनी आपणहून होकार दिला आहे, तेवढेच मोजायचे. पुढं एक्स्प्रेस या नावाजलेल्या प्रकल्पाच्या परिचयपानात स्वतःचं नाव घालणाऱ्या विनंत्यांचाही असाच लोंढा आला. शिकवणीच्या व्हिडिओत दाखवलेला सराव मुलांनी थेट खऱ्या प्रकल्पावर करून पाहिला होता.

असल्या पीआरनं, हे प्रकल्प जिथं ठेवलेले असतात त्या गिटहबसारख्या संकेतस्थळावरच्या मुलाच्या खात्यात, योगदानाचे हिरवे चौकोन उमटतात, पण तो सगळा इतिहास उघडा असतो. मुलाखत घेणारा माणूस तो उघडून पाहतो. मुलाखतींत चौकोन मोजणारे मला फारसे भेटले नाहीत, “हा बदल का केलास?” विचारणारे मात्र पुष्कळ भेटले.

नवी आफत एआयची आहे. चॅटबॉटकडून बदल लिहून घ्यायचा, न वाचताच पाठवायचा, आणि तपासणाऱ्यानं प्रश्न विचारला की तोही चॅटबॉटलाच विचारायचा. कर्ल या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनाचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी एआयनं रचलेल्या पोकळ दोष-अहवालांबद्दल अनेकदा जाहीर वैताग व्यक्त केला आहे. जेंटू आणि नेटबीएसडी या प्रकल्पांनी २०२४मध्ये एआयनं लिहिलेले बदल न घेण्याचंच धोरण ठरवलं. समजून घेण्यासाठी मुलानं एआयची मदत जरूर घ्यावी. पण जी ओळ त्याला स्वतःला समजावून सांगता येत नाही, ती त्यानं पाठवू नये. घरात हा एक नियम तुम्ही करू शकता.

आता त्या उन्हाळी कार्यक्रमाबद्दल. गूगल समर ऑफ कोड हा तो कार्यक्रम २००५पासून चालतो. वय १८ पूर्ण लागतं. निवड झालेल्यांना गूगल मानधन देतं आणि त्याची रक्कम देशानुसार ठरते. अर्जाला फी नसते. आउटरीची हा दुसरा कार्यक्रम तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात ज्यांना सहज शिरकाव मिळत नाही अशांसाठी आहे. तो वर्षातून दोनदा होतो, तीन महिने घरून काम असतं आणि मानधन ७००० अमेरिकी डॉलर असतं. मुलींच्या पालकांनी हे नाव लक्षात ठेवावं. तिथं अर्जाच्या काळात प्रकल्पाला प्रत्यक्ष योगदान द्यावंच लागतं, आणि गूगलच्या कार्यक्रमातही ज्याला प्रकल्पातली माणसं आधीपासून ओळखतात त्याचं पारडं जड असतं. म्हणजे निवडीचा रस्ताही त्या चार अवतरणचिन्हांवरूनच जातो. ‘निवडीची हमी’ म्हणून पैसे मागणाऱ्या क्लासला दारातूनच परत पाठवा.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारायलाच हवं. गिटहबसारख्या ठिकाणी खातं उघडायला किमान १३ वर्षं वय लागतं. प्रत्येक बदलासोबत नाव आणि ईमेल कायमचं जाहीर होतं, म्हणून पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये ईमेल झाकायची सोय चालू करून घ्या. पासवर्ड किंवा गुप्त किल्ली चुकून वर चढली तर ती लगेच रद्द करावी लागते, नुसती पुसून भागत नाही. चर्चा शक्यतो सगळ्यांसमोर व्हावी. कुणी एकट्यात बोलायचा, फोन नंबर द्यायचा, पैसे भरायचा आग्रह धरला तर मुलानं घरी सांगावं. चांगल्या प्रकल्पांची आचारसंहिता असते आणि तक्रार कुणाकडे करायची तेही तिथं लिहिलेलं असतं. मुलगी रात्री उशिरापर्यंत कुणाला तरी लिहीत असते, अशी शंका आली तर इतकं लक्षात घ्या : आपल्या रात्री अमेरिकेत दिवस असतो. पण या कामात उत्तर त्याच रात्री द्यावं लागत नाही. सकाळी दिलं तरी चालतं, आणि झोपेची वेळ ठरवणं हा तुमचा हक्कच आहे.

एका प्रसंगाची माहिती तुम्हाला असावी. २०२४च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्यानं पिच्छा पुरवला, तेव्हा एक्सझेड या छोट्याशा, पण लिनक्समध्ये सर्वत्र असलेल्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं. ज्यानं तो बसवला, त्यानं दोनेक वर्षं सरळमार्गी योगदान देऊन विश्वास कमावला होता. प्रकल्प सांभाळणारा स्वयंसेवक एकटा आणि दमलेला होता, आणि ‘लवकर करा’ म्हणून त्याच्यावर दबाव आणला जात होता. तुमच्या मुलाचा पीआर तपासायला लोक वेळ लावतात, प्रश्नांवर प्रश्न विचारतात, ते उगाच नव्हे. आणि उत्तराला उशीर झाला म्हणून तगादा लावायचा नसतो, हेही त्याला यातून कळायला हवं.

राहिला वेळेचा प्रश्न. परीक्षेच्या महिन्यात हे बाजूला ठेवायला काहीच हरकत नाही. प्रकल्प कुठं जात नाही. हाती घेतलेलं काम मध्येच सोडायचं असेल तर “मला जमणार नाही, दुसऱ्या कुणी घ्यावं” अशी एक ओळ लिहून सोडायला मात्र शिकवा. जुना लॅपटॉप पुष्कळ कामांना चालतो, महागड्याचा हट्ट नको. नोकरीची हमी यातून मिळत नाही, आणि ती मी देतही नाही. मूल पुढं नोकरीला लागलं की कंपनीबाहेरच्या योगदानाला तिची परवानगी लागते का, हे करारात वाचायला सांगा. कित्येक करारांत तसं कलम असतं.

आणि दोन-चार महिन्यांनी त्याचं मन उडालं तर उडू द्या. सगळ्यांनी आयुष्यभर हे करावं असं काही नाही. चित्रकलेचा क्लास सुटतो तेव्हा आपण घर डोक्यावर घेत नाही, मग इथं कशाला? जी मुलं टिकतात, ती कौतुकानं किंवा धाकानं टिकल्याचं मी पाहिलेलं नाही. आपण केलेला बदल कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या उपयोगी पडला, हे एकदा कळलं की ती परत त्या वाटेला जातात.

तेव्हा फुकट म्हणून अडवू नका आणि सर्टिफिकेटसाठी ढकलू नका. अधूनमधून शेजारी बसा आणि “काय पाठवलंस? दाखव बघू,” म्हणा. दोन चिन्हांचा बदल असला तरी त्याला तो पूर्ण समजावून सांगू द्या. त्याला तो सांगता आला, तर त्याचं ठीक चाललंय. नाही आला, तर तो अजून पाठवायचा नाही, हे तुम्ही न सांगताच त्याच्या लक्षात येईल.

तुमची,
एक शिक्षिका